लिंक दाबली की फाइल उतरली पाहिजे: सर्व्हरवर डाउनलोडचं सेटिंग करून घेतल्याचा अनुभव

जानेवारीच्या शेवटी आमच्या साइटवर एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत यायला लागली. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, ऑडिओ नुसता वाजतो पण मोबाइलमध्ये येत नाही, काल वाचलेली पीडीएफ आज नेट नसताना उघडेना. साइट छोटी आहे, व्याख्यानांची रेकॉर्डिंग, त्यांच्या पीडीएफ नोट्स आणि काही तक्ते सीएसव्हीमध्ये, एवढंच. पण आमच्या श्रोत्यांपैकी बरेच जण नेट मिळेल तिथे बसून आठवड्याभराचं साहित्य उतरवून घेतात आणि मग सवडीने, नेट नसताना ऐकतात. त्यांना ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडलेल्या फाइलचा काडीचा उपयोग नाही, त्यांना ती फाइल हातात हवी असते. मला हे फार मनापासून वाटतं की ज्याचं नेट सगळ्यात कच्चं आहे त्याच्यासाठी साइट आधी नीट चालली पाहिजे, म्हणून हे काम मी घेतलं. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनला त्याआधी कधी हात लावला नव्हता. आता सगळं झालंय, सुरळीत चालतंय, तर कोणाला हेच करायचं असेल तर निदान कुठे किती वेळ जातो आणि कोणाला काय विचारायचं हे आधी कळावं म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय.

सुरुवात वाचण्यापासून केली. सर्व्हर कुठलीही फाइल पाठवतो तेव्हा तिच्याआधी काही ओळी पाठवतो, त्यांना हेडर म्हणतात. त्यातल्या कंटेंट-टाइप या ओळीत फाइल कुठल्या प्रकारची आहे ते असतं, पीडीएफ, एमपीथ्री, साधा मजकूर वगैरे. ब्राउझर तो प्रकार बघतो आणि हे आपल्याला दाखवता येतं का ते ठरवतो, येत असेल तर दाखवतो, नसेल तर डाउनलोड करतो. झिप फाइल आपोआप उतरते आणि पीडीएफ उतरत नाही त्याचं कारण हेच. पूर्वी पीडीएफ पण बऱ्याच ठिकाणी उतरायचीच, पण मग ब्राउझरमध्येच पीडीएफ व्ह्यूअर आले, फायरफॉक्समध्ये २०१३ साली १९व्या आवृत्तीपासून आला, आणि तेव्हापासून "उघडणं" हीच नेहमीची गोष्ट झाली. म्हणजे आमच्या साइटवर काही बिघडलेलं नव्हतं, ब्राउझर त्याचं काम करत होता, त्याला फक्त वेगळं सांगायचं होतं.

ते सांगायची ओळ म्हणजे कंटेंट-डिस्पोझिशन. तिच्यात दोन मुख्य शब्द येतात, इनलाइन म्हणजे दाखव, आणि अटॅचमेंट म्हणजे उतरवून दे. ही ओळ मुळात ईमेलसाठी केलेली, म्हणून तर शब्द अटॅचमेंट. १९९७ च्या आरएफसी २१८३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित कागद) ती ईमेलच्या संदर्भात आहे, वेबसाठी ती कशी वापरायची हे २०११ च्या आरएफसी ६२६६ मध्ये नीट लिहिलंय. कागद लांब वाटतो पण दुसरा वाचायला अवघड नाही, आणि कोणी काही उलटसुलट सांगितलं तर तो उघडून खात्री करता येते, मी पुढे दोनदा तरी केली.

त्याआधी सगळ्यात सोपा म्हणून सांगितला जाणारा उपाय करून बघितला. पानावरच्या लिंकच्या टॅगमध्ये डाउनलोड हा शब्द टाकायचा, बस, सर्व्हरला हात लावायची गरज नाही. आमच्याकडे तो चालला नाही आणि त्याचं कारण समजून घेणं महत्त्वाचं आहे. हा शब्द लिंकवरची फाइल पान जिथून आलं त्याच ओरिजिनवर असेल तरच मानला जातो, म्हणजे प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट तिन्ही तेच. आमच्या फाइली वेगळ्या सबडोमेनवर आहेत, आणि सबडोमेन वेगळा म्हणजे ओरिजिन वेगळा. क्रोमने २०१८ मध्ये ६५व्या आवृत्तीपासून दुसऱ्या ओरिजिनच्या लिंकवर हा शब्द दुर्लक्षित करायला सुरुवात केली, सुरक्षेसाठी, आणि ते बरोबरच आहे. तुमचं पान आणि फाइली एकाच डोमेनवर असतील तर हा उपाय आधी करा, कदाचित पुढचं काहीच लागणार नाही. पण एक आहे, तो फक्त त्या पानावरच्या त्या लिंकपुरता चालतो. कोणी फाइलची लिंक कॉपी करून दुसऱ्याला मेसेजमध्ये पाठवली तर तिथे तो शब्द जात नाही, आणि आमच्याकडे निम्म्या लिंका अशाच फिरतात. म्हणून हेडरशिवाय गत्यंतर नव्हतं.

बऱ्याच ठिकाणी तिसरा उपाय सांगतात तो म्हणजे कंटेंट-टाइपच बदलून ॲप्लिकेशन ऑक्टेट-स्ट्रीम करून टाकायचा, म्हणजे ब्राउझरला प्रकार कळतच नाही आणि तो फाइल उतरवतो. चालतं ते. पण मला पटलं नाही, कारण फाइल पीडीएफ असताना सर्व्हरने ती पीडीएफ असल्याचं लपवायचं, मग उद्या तीच फाइल पानात दाखवायची झाली तर दाखवता येत नाही. प्रकार खरा ठेवायचा आणि काय करायचं ते वेगळ्या ओळीत सांगायचं, हे जास्त सरळ.

आणि चौथा उपाय पीएचपीचा, म्हणजे सर्व्हरवर पानं तयार करणाऱ्या भाषेचा, एक स्क्रिप्ट करायची, तिला फाइलचं नाव द्यायचं, ती फाइल वाचून अटॅचमेंटच्या हेडरसकट पुढे पाठवते. यावर मी जरा जास्त वेळ घातला कारण सर्व्हरवाल्यांना न विचारता हे आपल्या हातात होतं. दोन कारणांनी सोडलं. एक म्हणजे फाइलचं नाव बाहेरून येतं, ते नीट तपासलं नाही तर कोणीही मागच्या फोल्डरांचा रस्ता घालून भलतीच फाइल, अगदी पासवर्ड असलेली कॉन्फिगरेशनची फाइलसुद्धा, उतरवून घेऊ शकतो. दुसरं कारण मला जास्त जवळचं. साधी फाइल थेट सर्व्हरकडून जाते तेव्हा मध्येच नेट तुटलं तर ब्राउझर नंतर "इतकी बाइट्स आली आहेत, पुढची दे" असं सांगू शकतो, याला रेंज रिक्वेस्ट म्हणतात, सर्व्हर उत्तराला २०६ क्रमांक देतो आणि फक्त राहिलेला भाग पाठवतो. साध्या पीएचपी स्क्रिप्टमध्ये हे आपोआप येत नाही, वेगळं लिहावं लागतं, नाही तर दीड तासाचं रेकॉर्डिंग नव्वद टक्क्यांवर तुटलं की पुन्हा शून्यापासून. ज्यांच्यासाठी हे करतोय त्यांनाच त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला असता. (फाइली लॉगिनच्या मागे ठेवायच्या असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा स्क्रिप्टने फक्त परवानगी तपासावी आणि फाइल द्यायचं काम सर्व्हरवर सोपवावं, एनजिनएक्स या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट नावाची सोय आहे.)

तर मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉट-एचटीॲक्सेस, म्हणजे अपाची या सर्व्हर प्रोग्रॅमसाठी फोल्डरमध्ये ठेवायची सेटिंगची फाइल. आमचं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच मशीनवर अनेकांच्या साइटी, पॅनेलवर लिहिलेलं की सर्व्हर अपाची आहे. अपाचीत हे काम मॉड-हेडर्स नावाच्या मॉड्यूलने होतं. फाइल्स-मॅच या ब्लॉकमध्ये कुठली एक्स्टेन्शन ते लिहायचं आणि आत हेडर सेट करायची एक ओळ, एकूण तीन ओळींचं काम. मॉड्यूल चालू नसेल तर ती ओळ टाकल्या टाकल्या सगळी साइट ५०० एरर द्यायला लागते, म्हणून बरेच जण ते सगळं इफ-मॉड्यूलच्या ब्लॉकमध्ये गुंडाळायला सांगतात. तसं केलं की साइट पडत नाही हे खरं, पण मॉड्यूल नसेल तर ओळ गुपचूप वगळली जाते आणि तुम्हाला कळतच नाही. माझं मत, रहदारी कमी असेल अशा वेळी आधी एका रिकाम्या चाचणीच्या फोल्डरमध्ये न गुंडाळता टाकून बघा, एरर आला तर फक्त त्या फोल्डरला येईल आणि मॉड्यूल नाही हे लगेच कळेल. शिवाय अपाचीच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये अलाऊ-ओव्हरराइड नावाचं सेटिंग असतं, त्याची ठरलेली किंमत २.३.९ या आवृत्तीपासून "नन" आहे, म्हणजे मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय डॉट-एचटीॲक्सेस वाचलीच जात नाही. हेडरच्या ओळीसाठी त्यात निदान फाइल-इन्फो लागतं.

आमच्याकडे एरर आला नाही, म्हणजे मॉड्यूल होतं किंवा फाइल वाचली जात नव्हती. आणि पीडीएफ काही उतरेना, आधीसारखीच टॅबमध्ये उघडत होती.

इथे एक सवय लावून घेतली जी शेवटपर्यंत उपयोगी पडली. लिंक दाबून काय होतंय ते बघत बसायचं नाही, हेडर बघायचे. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडला की प्रत्येक फाइलचे हेडर दिसतात, पण पीडीएफ नव्या टॅबमध्ये उघडली की ते हातातून निसटतं, त्यापेक्षा कमांड लाइनवर कर्ल नावाचा प्रोग्रॅम असतो, त्याला कॅपिटल आयचा पर्याय दिला की फक्त हेडर छापून येतात, ब्राउझरने आधी साठवलेली प्रत, म्हणजे कॅश, मध्ये येत नाही, काही नाही. ज्यांना काळा स्क्रीन बघून भीती वाटते त्यांना सांगते, ही एकच कमांड आहे, पुन्हा पुन्हा तीच चालवायची.

मी डॉट-एचटीॲक्सेसमध्ये सगळ्या फाइलींसाठी एक चाचणीचा हेडर टाकला, नाव काहीही, किंमत काहीही. मग कर्लने आधी पीएचपीचं पान बघितलं, चाचणीचा हेडर आला. पीडीएफ बघितली, नाही आला. चित्र बघितलं, नाही. म्हणजे डॉट-एचटीॲक्सेस वाचली जात होती, अपाची पण होता, पण पीडीएफ त्याच्याकडे जातच नव्हती! कारण नंतर कळलं ते असं, की अपाचीच्या पुढे एनजिनएक्स बसवलेला असतो, बऱ्याच होस्टिंगमध्ये ही रचना असते, पीएचपीची पानं तो मागे अपाचीकडे पाठवतो आणि चित्रं, पीडीएफ, एमपीथ्री अशा तयार फाइली वेगासाठी स्वतःच देऊन टाकतो. एनजिनएक्स डॉट-एचटीॲक्सेस वाचत नाही, त्याच्याकडे तसं काही नसतंच. तुमच्याकडेही "सगळं बरोबर टाकलंय तरी काही होत नाही" असं असेल तर आधी ही चाचणी करा, बराच मनस्ताप वाचेल.

आता एनजिनएक्सचं कॉन्फिगरेशन शेअर्ड होस्टिंगमध्ये आपल्या हातात नसतं. म्हणजे सपोर्टचं तिकीट. शुक्रवारी संध्याकाळी टाकलं, सोमवारी उत्तर आलं, त्यात डॉट-एचटीॲक्सेस वापरा असं लिहिलेलं. मी कर्लचं आउटपुट दोन्ही फाइलींचं शेजारी शेजारी ठेवून परत पाठवलं, चाचणीचा हेडर इथे आहे, इथे नाही, म्हणजे या फाइली पुढचा सर्व्हर देतोय. हे पाठवल्यावर तिकीट वरच्या टीमकडे गेलं आणि बोलण्याचा सूरच बदलला. सपोर्टला लिहिताना "डाउनलोड होत नाही" एवढंच लिहिलं तर ते तुम्हाला ब्राउझरचं सेटिंग बदलायला सांगतील, हेडर दाखवले तर काम पुढे सरकतं.

मग फॉर्म. त्यांच्याकडे हे "कस्टम कॉन्फिगरेशन" या प्रकारात मोडतं, त्यासाठी फॉर्ममध्ये डोमेन, फोल्डरचा रस्ता, नेमका कुठला हेडर, कशासाठी, आणि बदल नको झाला तर परत कसा काढायचा हे सगळं लिहायचं होतं. आमच्या प्लॅनमध्ये त्याचे वेगळे पैसे नव्हते, पण सगळ्या प्लॅनला तसं नसतं, तिकीट टाकतानाच विचारून घ्या. खरी अडचण पुढे आली. फॉर्म खात्याच्या नोंदणी केलेल्या ईमेलवरूनच यायला हवा, आणि तो ईमेल आमच्या एका जुन्या सहकारी ताईंचा, त्यांनी साइटचं काम कधीच सोडलेलं. त्यांना फोन केला, बिचाऱ्यांनी लगेच मदत केली, पण त्यांचा तो ईमेल बंद पडला होता. मग आधी खातं नावावर बदलून घ्यायचं, त्यासाठी वेगळा अर्ज, ताईंचं संमतीपत्र, माझं ओळखपत्र, शेवटच्या बिलाची प्रत. यातच फेब्रुवारी संपत आला. त्या दिवसांत फार घालमेल व्हायची, कारण रोज कोणीतरी विचारत होतं आणि तांत्रिक काम तर दोन मिनिटांचं उरलं होतं. तुमची साइट संस्थेची किंवा ग्रुपची असेल तर आजच बघून ठेवा की होस्टिंग आणि डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे, आणि तो ईमेल चालू आहे का.

वाट बघत असताना पानावर एक छोटी मदत लिहून टाकली, ती पण उपयोगी पडली. कॉम्प्युटरवर लिंकवर राइट-क्लिक करून "सेव्ह लिंक ॲज", मोबाइलवर लिंक दाबून धरली की "डाउनलोड लिंक". आयफोनवर २०१९ च्या आयओएस १३ पासून सफारीत डाउनलोडची सोय आली, तीही तिथेच सापडते आणि फाइल "फाइल्स" ॲपमध्ये जाते. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागलं. तुमच्याकडे सर्व्हर बदलणं शक्यच नसेल तर हे चार वाक्यांचं मार्गदर्शन लिंकच्या अगदी शेजारी ठेवा, वेगळ्या पानावर नको.

मार्चच्या सुरुवातीला बदल झाला. त्यांनी एनजिनएक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये फाइलींच्या फोल्डरपुरत्या भागात, म्हणजे लोकेशन ब्लॉकमध्ये, ॲड-हेडरची एक ओळ टाकली, अटॅचमेंट. कर्ल चालवला, ओळ दिसली. क्रोममध्ये लिंक दाबली, फाइल खाली उतरली. खूप आनंद झाला, खरंच, त्या संध्याकाळी सगळ्यांना मेसेज केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी. आमच्याकडे प्रत्येक व्याख्यानाच्या पानावर नोट्सची पीडीएफ तिथेच चौकटीत दिसायची, आयफ्रेममध्ये. आता पान उघडलं की चौकट रिकामी आणि फाइल न विचारता डाउनलोड व्हायला लागलेली. ऑडिओ प्लेअर मात्र व्यवस्थित चालत होता. याचं कारण असं की पानात बसवलेलं चित्र, ऑडिओ, व्हिडिओ यांच्यासाठी ब्राउझर कंटेंट-डिस्पोझिशनकडे बघतच नाही, पण आयफ्रेम म्हणजे एका अर्थी पानच उघडणं, तिथे तो बघतो आणि मानतो. याचा अर्थ ऑडिओच्या फोल्डरला अटॅचमेंट लावलं तर प्लेअर बिघडायची भीती नाही, पण पीडीएफ पानात दाखवत असाल तर सगळ्यांना सरसकट लावू नका.

आणि मला तेव्हा हेही जाणवलं की सगळ्यांना जबरदस्तीने उतरवायला लावणं बरोबर नाही. कोणाला फक्त एक पान चाळून बघायचंय, त्याच्या मोबाइलमध्ये जागा नाही, त्याने का म्हणून पन्नास फाइली साठवायच्या? वाचायचं असेल त्याला वाचता यावं, ठेवायचं असेल त्याला ठेवता यावं. म्हणून एकाच फाइलच्या दोन लिंका करायचं ठरलं. साधी लिंक उघडते, आणि लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि "डाउनलोड बरोबर १" जोडलं की उतरते. एनजिनएक्समध्ये यासाठी मॅप नावाची सोय आहे, पत्त्यात ते १ असेल तर एका व्हेरिएबलमध्ये अटॅचमेंट हा शब्द भरायचा, नसेल तर ते रिकामं, आणि हेडरमध्ये ते व्हेरिएबल द्यायचं. किंमत रिकामी असेल तर एनजिनएक्स ती ओळ पाठवतच नाही, त्यामुळे दोन्ही बाजू एका जागी सुटतात. इफ वापरूनही होतं पण मॅप जास्त स्वच्छ. अडचण एकच, मॅप साइटच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिता येत नाही, बाहेरच्या एचटीटीपी पातळीवर लिहावा लागतो, म्हणजे त्या मशीनवरच्या सगळ्या साइटींच्या सामाईक भागात. त्यामुळे पुन्हा नवा फॉर्म, पुन्हा त्यांच्या वेगळ्या टीमची मंजुरी, आणि बदल त्यांच्या ठरलेल्या देखभालीच्या रात्रीच होणार. व्हेरिएबलच्या नावात साइटचं नाव घाला अशी त्यांची अट होती, दुसऱ्या कोणाशी टक्कर नको म्हणून, ती योग्यच होती. तोपर्यंत त्यांना सांगून पीडीएफच्या फोल्डरवरची ओळ काढून घेतली, ऑडिओची ठेवली.

या दुसऱ्या बदलाची वाट बघताना मी सगळ्या प्रकारच्या फाइलींचे हेडर आधीचे आणि नंतरचे कागदावर उतरवून ताडून बघत होते, त्यात एक गोष्ट दिसली. ऑडिओच्या फाइलींवरून आमचे सुरक्षेचे दोन हेडर गायब झाले होते, एक एचटीटीपीएस सक्तीचा आणि दुसरा नोस्निफचा, म्हणजे फाइलचा प्रकार ब्राउझरने स्वतः अंदाजाने ठरवू नये असं सांगणारा. एनजिनएक्सचा नियमच तसा आहे, वरच्या पातळीवर दिलेले ॲड-हेडर खाली तेव्हाच उतरतात जेव्हा खालच्या ब्लॉकमध्ये स्वतःची एकही ॲड-हेडर ओळ नसते. तुम्ही तिथे एक ओळ टाकली की वरच्या सगळ्या त्या ब्लॉकपुरत्या पुसल्या जातात. कुठे एरर येत नाही, लॉगमध्ये काही नाही, साइट छान चालते. उपाय साधा, वरच्या ओळी खालच्या ब्लॉकमध्ये पुन्हा लिहायच्या. पण हे बघायला कोणी जात नाही म्हणून मुद्दाम मोठ्याने सांगतेय, अटॅचमेंटची ओळ टाकून झाल्यावर बाकीचे हेडर जागेवर आहेत का ते बघाच.

ॲड-हेडरला शेवटी "ऑलवेज" असा एक शब्द जोडता येतो, तो इथे जोडू नका. तो जोडला की ४०४ सारख्या एररच्या उत्तरालाही अटॅचमेंट लागतं, आणि फाइल सापडली नाही असं सांगणारं पान वाचकाला दिसायच्या ऐवजी भलताच गोंधळ होतो. सुरक्षेच्या हेडरना मात्र तो शब्द असलेला चांगला.

मार्चच्या मध्यावर मॅप लागला. आणि तरी काही जणांकडे जुनंच वागणं! हा कॅशचा भाग. आमच्या फाइलींवर कॅशची मुदत २५९२००० सेकंद, म्हणजे ३० दिवस होती, त्यामुळे ज्याने ऑडिओ आधी उघडला होता त्याच्या ब्राउझरकडे जुनं उत्तर जुन्या हेडरसकट पडून होतं आणि तो सर्व्हरला विचारतच नव्हता. पीडीएफचा प्रश्न आपोआप सुटला कारण प्रश्नचिन्ह जोडलेला पत्ता ब्राउझरच्या दृष्टीने नवा. मग ऑडिओच्या लिंकांनाही तेच जोडून टाकलं. सर्व्हरच्या पुढे सीडीएन, म्हणजे फाइलींच्या प्रती साठवून वाटणारी सेवा, असेल तर तिथे दोन गोष्टी बघायच्या, जुना साठा पर्ज करायचा म्हणजे पुसायचा, आणि पत्त्यातला प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग तो लक्षात घेतो की नाही, कारण काही सेटिंगमध्ये तो भाग सोडून देतात, मग उघडायची आणि उतरवायची लिंक त्याच्यासाठी एकच होते आणि जी आधी आली तिचे हेडर सगळ्यांना मिळतात. असल्या बदलाच्या आठवडाभर आधी कॅशची मुदत कमी करून ठेवली तर सगळ्यात बरं.

नावांचा विषय उरला होता. अटॅचमेंटच्या पुढे फाइलनेम देता येतं, न दिल्यास ब्राउझर पत्त्याचा शेवटचा भाग नाव म्हणून घेतो. आमच्या फाइलींची नावं सिस्टीमने दिलेली, अक्षरं-आकड्यांची भेसळ, उतरवल्यावर कुठलं व्याख्यान कुठलं तेच कळेना. हेडरमधून मराठी नाव देता येतं, पण साध्या फाइलनेममध्ये इंग्रजी अक्षरांपलीकडचं काही टाकलं तर भरवसा नाही. त्यासाठी नावापुढे तारका असलेलं दुसरं फाइलनेम असतं, त्यात आधी यूटीएफ-८ असं लिहून नाव टक्क्याच्या चिन्हांत लिहायचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचं, आणि एक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे "गणित" एवढ्या शब्दाची ग, ण, वेलांटी, त अशी चार चिन्हं, त्याची ३६ अक्षरं होतात. द्यायचं असेल तर दोन्ही फाइलनेम द्यावीत, आधी साधं इंग्रजी अक्षरांतलं, मग तारकेचं, ज्या ब्राउझरला तारकेचं कळतं तो तेच घेतो. आम्ही शेवटी तो मार्ग घेतला नाही. शेकडो फाइली, प्रत्येकीचं नाव सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये कोण ठेवणार आणि दर वेळी फॉर्म कोण भरणार. त्यापेक्षा फाइलींनाच वाचता येतील अशी नावं दिली, विषय आणि क्रमांक, इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न ठेवता. नावं मराठीतच ठेवावीत असं मला फार वाटत होतं, पण मराठी नावाची लिंक मेसेजमध्ये चिकटवली की बऱ्याचदा त्या टक्क्यांची लांबच लांब रांग होते आणि मध्येच तुटून लिंक निकामी होते. जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे कायमची आपोआप वळवणूक, लावले, ते करायला एक अख्खा रविवार गेला पण जुन्या लिंका मेल्या नाहीत.

मोबाइलवरची चाचणी ग्रुपमधल्या मंडळींनी आपापल्या फोनवर केली. त्यात एक अडचण राहिलीच आणि ती सर्व्हरवरून सुटत नाही. मेसेजिंग किंवा सोशल ॲपमध्ये लिंक दाबली की ती बऱ्याचदा त्या ॲपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि अँड्रॉइडवर त्या ॲपने डाउनलोडची सोय स्वतः जोडलेली नसेल तर अटॅचमेंट आल्यावर काहीच होत नाही, नुसता पांढरा स्क्रीन. म्हणून मेसेजमध्ये पाठवताना आम्ही आता फाइलची थेट लिंक न पाठवता व्याख्यानाच्या पानाची लिंक पाठवतो, आणि तिथे लिहिलंय की तीन टिंबांच्या मेनूतून "ब्राउझरमध्ये उघडा" निवडा. आणखी एक, पान एचटीटीपीएस आणि फाइलची लिंक मात्र जुन्या एचटीटीपीची असेल तर क्रोम डाउनलोड अडवतो. आमच्या जुन्या पानांवर अशा लिंका सापडल्या, सगळ्या बदलल्या.

सगळ्यात शेवटी सपोर्टमधल्या एका बाईंनी स्वतःहून एक गोष्ट सुचवली, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. आमच्याकडे श्रोते आपले प्रश्न आणि टिपणं अपलोड करू शकतात, त्या फोल्डरला त्यांनी कायमचं अटॅचमेंट आणि नोस्निफ लावून घ्यायला सांगितलं. कोणी एचटीएमएल (वेबपानाची) किंवा एसव्हीजी (चित्राची) फाइल अपलोड केली आणि ती आमच्याच डोमेनवरून ब्राउझरमध्ये उघडली तर तिच्यातली स्क्रिप्ट आमच्या साइटच्या नावाने चालते, लॉगिन केलेल्याची माहिती उचलू शकते. उतरवलेल्या फाइलला ते करता येत नाही. तिथे उघडायची लिंक ठेवलेलीच नाही, फक्त उतरवायची.

एप्रिलपासून सगळं स्थिर आहे. कॉन्फिगरेशनच्या ओळी, दोन्ही फॉर्मच्या प्रती, तिकिटांचे क्रमांक आणि कर्लची कमांड एका फाइलमध्ये ठेवून ग्रुपमधल्या तिघांना दिली आहे, कारण होस्टिंगवाले सर्व्हर बदलतात तेव्हा असे हाताने टाकलेले बदल कधी कधी नव्या मशीनवर जात नाहीत. दर महिन्याच्या सुरुवातीला एक पीडीएफ, एक ऑडिओ आणि अपलोडच्या फोल्डरमधली एक फाइल कर्लने तपासायची असं ठरलंय, या महिन्यात पाळी माझी होती, तिन्ही ओळी जागेवर आहेत.